पेत्रोना आधी, रोसाल्बा नंतर

एदिल्सा कासेरेस आयुष्यात एकाच तबकडीसाठी गायली, आणि त्या तबकडीला शनिवारी सकाळी नऊ वाजता, कोलंबियातलं अख्खं बारांकिया शहर ऐकत असताना, रेडिओवर नक्कल ठरवलं गेलं. नक्कल! म्हणजे जिनं आधी गायलं ती नक्कल करणारी, आणि ज्यानं तिचं उचललं तो मूळ गायक. असला न्याय ऐकून माणसानं गप्प बसायचं तरी कसं, सांगा.

त्या वेळी ती रेबोलो वस्तीतल्या आपल्या घरापुढं कढई मांडून अंड्याच्या अरेपा तळत होती. मक्याची अरेपा अर्धी तळून काढायची, कडेला चीर द्यायची, आत कच्चं अंडं सोडायचं, चीर पिठानं लिंपायची आणि पुन्हा तेलात सोडायची. रोज शंभर-सव्वाशे वेळा केलेलं काम. हात आपसूक चालत आणि कान रेडिओकडं असत. शनिवारी एलिएसेर पोलोचा कार्यक्रम असे. एकच गाणं दोघांनी गायलेलं घ्यायचं, आधी मूळ लावायचं, मग दुसऱ्याचं, मग दोन्हींची चिरफाड करायची आणि शेवटी लोकांचे फोन घ्यायचे. एदिल्सा हा कार्यक्रम सोडत नसे. कढईपाशी बसून ती एलिएसेरशी भांडायचीसुद्धा. "अरे बाबा, त्या पोराला श्वास कुठं घ्यायचा तेच कळत नाही, आणि तू कौतुक कसलं करतोस?"

त्या दिवशीचं गाणं होतं 'रोसाल्बा'. लिसांद्रो बुस्तामान्ते आणि त्याचा वीस जणांचा ताफा, साल एकोणऐंशी. हे गाणं वाजल्याशिवाय इथं कार्निव्हल झालेला नाही, की लग्न लागलेलं नाही. ते सुरू झालं की एदिल्सा रेडिओ बंद करत असे. आज हात पिठात होते, म्हणून तो चालू राहिला. लिसांद्रो गाऊन संपला आणि एलिएसेर म्हणाला, "आता याच गाण्याची एक मजेशीर नक्कल ऐकू या."

आणि रेडिओतून एदिल्साचा आवाज आला.

सदतीस वर्षांच्या एदिल्साचा. मागं थोरल्या भावाचा, तेओफिलोचा ढोल. आज ती एकाहत्तरची होती आणि तेओफिलोला जाऊन अकरा वर्षं झाली होती. हा आवाज असा, खऱ्या वेगात, तिनं चौतीस वर्षांत ऐकला नव्हता. तिचा हात हवेत तसाच राहिला आणि अंडं कढईच्या काठावर फुटून चुलीत गेलं.

"हं," एलिएसेर म्हणाला, "मूळ गाण्यातला सगळा जोम इथं गळालाय. बाई दमल्यासारख्या गातात. दुसऱ्या कडव्याला बघा, एक मात्रा आधीच घुसल्या, आणि त्या ढोलवाल्याची अशी काही धांदल उडाली! रोसाल्बाची पेत्रोना केलीय, का केली ते देव जाणे. तबकडीवरचा कागद खरवडलेला आहे, तेव्हा गायिका अज्ञात. हौशी नक्कल म्हणू आणि सोडून देऊ."

"पेत्रोना माझी आई होती, मेल्या!" एदिल्सा रेडिओवर ओरडली.

अरेपा घ्यायला आलेली नूबिया दचकून मागं सरली. नूबिया समोरच्या घरातली. तिच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला एदिल्सा उभी राहिलेली, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत.

"कोमाद्रे, कुणाशी भांडताय?"

"ती मी आहे. ते गाणं गातेय ना, ती मी आहे."

नूबियानं रेडिओकडं बघितलं, मग एदिल्साकडं, मग कढईकडं. "ऊन लागलंय तुम्हाला. जरा सावलीत बसा बघू."

"ऊन तुझ्या डोक्याला लागलंय! कढई सांभाळ."

नूबियाचा दोष नव्हता. ती गल्लीत आली तेव्हा एदिल्साचं गाणं कधीच थांबलं होतं. ज्यांना ठाऊक होतं त्यातले निम्मे देवाघरी गेले आणि निम्मे व्हेनेझुएलाला. नवरा गेला, लेक कराकसची झाली. उरलं होतं कोण सांगायला?

एदिल्सानं एप्रनसुद्धा सोडला नाही. तशीच बसमध्ये चढली. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. दमल्यासारखी गाते म्हणे! आई गेल्यावर नऊ रात्री घरात माणसं जागली, त्यातल्या शेवटच्या रात्री तिच्या तोंडून ते गाणं आलं होतं. 'पेत्रोना, दार लोटलेलंच ठेवलंय,' असं ते सुरू व्हायचं. आई रात्री-बेरात्री मासळी विकून यायची तेव्हा दार लोटून ठेवत, तसं ती गेल्यावरही पोरांनी ठेवलं, एवढंच त्यात होतं. आणि लिसांद्रोनं काय केलं? 'रोसाल्बा, दार लोटलेलंच ठेव, मी येतोय!' आईसाठी उघडं ठेवलेलं दार त्या भामट्यानं कुण्या पोरीच्या झोपायच्या खोलीचं केलं, आणि सगळा किनारा त्यावर कमरा हलवत बसला.

प्रादो भागातल्या रेडिओच्या इमारतीत तिला पहारेकऱ्यानं अडवलं. "अरेपा मागवल्या नाहीत कुणी," तो म्हणाला. तिनं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं स्वतःच एलिएसेरला बोलावून आणलं.

एलिएसेर चाळिशीचा, नीटनेटका, गोड बोलणारा. त्यानं तिला खुर्ची दिली, काळी कॉफी दिली. त्याच्या सभ्यपणानं ती आणखीच तापली.

"निन्या एदिल्सा," तो म्हणाला. निन्या म्हणजे खरं तर पोरगी, पण इथं पुरुषाला मानानं डॉन म्हणतात तसं बाईला निन्या म्हणतात, मग ती सत्तरीची का असेना. "आवाज तुमचा असेल, मी नाही म्हणत नाही. पण प्रश्न आवाजाचा नाहीये. आधी कुणी गायलं, हा प्रश्न आहे."

"मी. चौऱ्याहत्तर साली. म्हाताऱ्या आबेयोच्या तबकड्यांच्या दुकानामागं, पत्र्याच्या खोलीत."

"आबेयो आहेत?"

"वारला."

"दुकान?"

"तिथं आता टायर विकतात."

"तुमच्याकडं दुसरी प्रत? कुणाकडंही?"

इथंच एदिल्साचं घोडं अडत होतं. दोनशे तबकड्या काढल्या होत्या. चार महिन्यांनी आबेयो म्हणाला, कुणी विचारलंसुद्धा नाही गं, सगळ्या वितळवायला पाठवल्या. तिच्या हातात एक प्रत द्यायची राहून गेली, तीही नंतर देतो म्हणाला. त्या दिवसापासून ती गाण्याच्या वाटेला गेली नाही. कुणाच्या मयतीत बायका गायला बसल्या तरी ही मागं उभी राही. लोकांना आपला आवाज नकोय हे एकदा कळल्यावर उगाच कशाला तोंड उघडायचं?

"प्रत नाही," ती म्हणाली. "पण कान आहेत ना तुला? लाव दोन्ही."

त्यानं लावल्या. शेजारी शेजारी दोन यंत्रं होती. ती म्हणाली, "माझ्या तबकडीचा वेग वाढव. अजून. अजून थोडा. हं, आता दोन्ही एकदम सोड." त्यानं कळ सरकवली आणि दोन्ही सुया एकदम टेकवल्या. एदिल्साचा आवाज पोरीसारखा बारीक झाला, आणि तो लिसांद्रोच्या आवाजाला असा जाऊन चिकटला की दोघं एकाच खोलीत गात असावेत. सूर तोच, चाल तीच. दुसरं कडवं आलं. एदिल्सा एक मात्रा आधी शिरली, तेओफिलोनं तिला सांभाळायला एक ठोका गाळला, आणि त्याच जागी लिसांद्रोच्या ताफ्यातल्या वीस टायवाल्यांनी तोच ठोका गाळला.

एलिएसेरनं दोन्ही सुया उचलल्या.

"ती चूक माझी आहे," एदिल्सा म्हणाली. "मी घाईत शिरले, कारण मला रडू येत होतं आणि ते यायच्या आत कडवं संपवायचं होतं. भावानं सांभाळून घेतलं. लिसांद्रोला कशाचं रडू येत होतं, विचार त्याला! त्यानं चूकसुद्धा माझीच उचलली, आणि तू आज ती माझ्याच नावावर खपवलीस."

"आणि हा वेग?"

"उबाल्दो मेसा. त्याचा पिको होता, 'बहिरी मगर'. माणसापेक्षा उंच कर्ण्यांची भिंत रस्त्यात उभी करायचा. तो सगळ्या तबकड्या पळवत लावायचा, लोक नाचावेत म्हणून. मी जाऊन सांगितलं होतं त्याला, उबाल्दो, हळू लाव, हे आईचं आहे. तर म्हणाला, हळू लावलं तर लोक घरी जातील. लिसांद्रोनं ते तिथंच ऐकलं असणार, पळवलेलं. म्हणून त्याचं गाणं तेवढंच पळतं."

एलिएसेरनं कपाळ चोळलं. त्याला पटलं होतं, पण पटलेलं कबूल करायला जीभ रेटत नव्हती. "निन्या एदिल्सा, राग मानू नका. हे उलटंही असू शकतं. एखादी बाई लिसांद्रोचं गाणं चुकीसकट शिकली आणि हळू गायली, असं उद्या कुणी म्हणालं तर? लिसांद्रोच्या तबकडीवर साल छापलंय. तुमच्या तबकडीवर काहीच नाही. ही मला डॉन उबाल्दोनीच दिली. मी नाव विचारलं, तर म्हणाले तबकडी ने, वाजव, नाव मिळणार नाही."

"असं म्हणाला?"

"अगदी अभिमानानं म्हणाले. त्यांनी येऊन साल आणि नाव सांगितलं, तर पुढच्या शनिवारी मी सगळ्यांसमोर चूक कबूल करीन. शब्द देतो."

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणजे काय होतं ते एदिल्साला त्या क्षणी कळलं. उबाल्दो तिच्या घरापासून सहा गल्ल्यांवर राहत होता. तेओफिलोचा जिवलग. गेल्या ख्रिसमसला तिच्याकडं जेवून गेलेला. त्यानं नुसतं तोंड उघडलं असतं तर हा सगळा अपमान झालाच नसता!

आता पिकोवाल्यांची रीत अशी. दुसऱ्या कुणाकडं नाही ती तबकडी आपल्याकडं असण्यातच त्यांची इभ्रत. म्हणून नवी तबकडी हातात पडली की पहिलं काम म्हणजे नाण्याच्या कडेनं मधला कागद खरवडून काढायचा. गाण्याचं नाव नको, गाणाऱ्याचं नको, काही नको. शेजारच्या पिकोनं हेर पाठवला तरी त्याला काळी थाळीच दिसली पाहिजे. आफ्रिकेतून, हैतीतून, कुठून कुठून आलेली गाणी अशीच बिननावाची व्हायची, आणि लोक मग आपल्या मनानं त्यांना नावं ठेवायचे. एदिल्साच्या गाण्याला लोक 'दार' म्हणत. उबाल्दोनं तिच्यादेखतच कागद खरवडला होता, आणि तेव्हा ती हसली होती. मोठ्या पिकोनं आपलं गाणं लपवण्याजोगं मानलं, याचं तिला कौतुक वाटलं होतं. मूर्ख बाई!

उबाल्दो घराच्या मागच्या खोलीत बनियनवर बसला होता. वय एकोणऐंशी, कान कर्ण्यांनी कधीच खाल्लेले. कर्ण्यांची लाकडं विकली गेली होती, पण तबकड्या भिंतीला लावून जमिनीपासून छतापर्यंत होत्या. एकीवरही नाव नव्हतं.

"ये गं, निन्या! रेडिओ ऐकलास? माझी तबकडी वाजवली."

"तुझी?" एदिल्सा इतक्या जोरात म्हणाली की बहिऱ्यालाही ऐकू गेलं. "माझी तबकडी वाजवली! आणि मला हौशी म्हणाले, दमलेली म्हणाले. तुझ्या मित्राच्या ढोलाला हसले. आणि तू नाव सांगितलं नाहीस!"

उबाल्दोचं तोंड उतरलं. पण मान ताठ राहिली. "पिकोवाला नाव सांगत नसतो. तुला माहितेय. पन्नास वर्षं मी कुणाला एक नाव सांगितलं नाही. लोकांनी दारू पाजली, गळ्याला हात घातले, एकदा तर सुरी लावली. नाही सांगितलं. आज सांगितलं तर मी राहिलो काय?"

"कुणापासून लपवतोस आता? पिको उरला नाही, ज्यांच्याशी स्पर्धा होती ते मेले. कुणाचा हेर येणार आहे तुझ्याकडं?"

"तत्त्व आहे ते."

"तत्त्व घाल चुलीत! ते म्हणतात मी लिसांद्रोची नक्कल केली. पेत्रोनाच्या गाण्याची! तू तिच्या हातचे मासे खाल्लेस, उबाल्दो. शनिवारी चल, माइकसमोर बस, साल सांग आणि नाव सांग. एवढंच मागतेय मी. दुसरी एखादी प्रत कुणाच्या घरात असती ना, तर तुझ्या दारात पाय ठेवला नसता. पण माझं नशीबच फुटकं. दोनशे तबकड्या निघाल्या आणि कुत्र्यानं विचारल्या नाहीत."

आणि इथं उबाल्दो चुकला. एखाद्या पिकोवाल्याचाच तोल जावा तसा त्याचा गेला. आपल्याकडच्या तबकडीला कुणी विचारलं नाही, हे त्याला सहन झालं नाही.

"कुणी विचारल्या नाहीत?" तो उसळून म्हणाला. "सगळ्या मी घेतल्या!"

"काय?"

"सगळ्या. दोनशेच्या दोनशे. आबेयो दुसऱ्या दिवशी त्या रेडिओवाल्यांना वाटणार होता. मी आदल्या दिवशी गाढवाची गाडी घेऊन गेलो आणि उचलून आणल्या. त्याला शपथ घातली, कुणाला बोलायचं नाही, पुन्हा छापायच्या नाहीत. असं गाणं आयुष्यात एकदा मिळतं, निन्या. दुसऱ्याच्या हातात पडू देऊ? तुझं गाणं मला इतकं…"

"बाकीच्या कुठं आहेत?" एदिल्साचा आवाज एकदम खाली आला होता, म्हणून त्याला ऐकू गेलं नाही. तिनं पुन्हा विचारलं. "उबाल्दो. एकशे नव्व्याण्णव तबकड्या कुठं आहेत?"

त्यानं खाली बघितलं. तिनंही बघितलं. सिमेंटची जमीन होती, कोपऱ्यात थोडी खचलेली.

"ही खोली तेव्हाच बांधत होतो," तो म्हणाला. "भराव लागत होता. फोडून टाकल्या आत."

एदिल्सा एक पाऊल मागं सरली, पण सरून जाणार कुठं? पायाखाली सगळीकडं तेच होतं. चौतीस वर्षं तिनं मनाशी धरलं होतं की लोक नाचले ते पिकोच्या दणक्यावर, आपलं गाणं त्यांना नकोच होतं. आणि लोकांनी ते ऐकलंच नव्हतं! ज्यांनी ऐकलं ते त्यावर पहाटेपर्यंत नाचले होते, आणि कुणाचं ते त्यांना कळू दिलं नव्हतं. तिनं आधारासाठी भिंत धरली. हात नेमका तबकड्यांवर पडला, आणि तिनं तो चटका बसल्यासारखा काढून घेतला.

"मी गाणं सोडलं, उबाल्दो."

"मला वाटलं लग्न झालं म्हणून सोडलंस."

"विचारलंस कधी?"

तो डोळे पुसू लागला, तर तिनं त्याला तेही करू दिलं नाही. "रडू नकोस. खबरदार रडलास तर! रडायची पाळी माझी आहे, आणि मला वेळ नाही. शनिवारी आठ वाजता तयार राहा. स्वच्छ सदरा घाल."

"आणि नाही आलो तर?"

"तर मी कुदळ घेऊन येईन. ही जमीन उकरीन आणि एकेक तुकडा रस्त्यावर मांडीन. मग सांगत बस गल्लीला तुझं तत्त्व."

शनिवारी तो आला. पांढरा सदरा, डोक्यावर वेताची टोपी, काखेत कापडी पिशवी. पिशवीत सहा-सात तबकड्या होत्या. जुना पिकोवाला एकाच तबकडीनिशी घराबाहेर पडत नाही. बसमध्ये एदिल्सा त्याच्या शेजारी बसली नाही.

एलिएसेर शब्दाला जागला. लाल दिवा लागताच त्यानं मागच्या शनिवारची चूक सांगितली आणि माइक उबाल्दोपुढं सरकवला. उबाल्दोनं दोनदा घसा साफ केला. तिसऱ्यांदा करू लागला तेव्हा एदिल्सानं त्याच्या पायावर पाय ठेवला.

"चौऱ्याहत्तर साल," तो म्हणाला. "जानेवारी. कार्निव्हलच्या आधी. गाण्याचं नाव 'पेत्रोना'. गाणारी एदिल्सा कासेरेस, ढोलावर तिचा भाऊ तेओफिलो. मी वेग वाढवून लावायचो. सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरला लिसांद्रो दर शनिवारी माझ्या पिकोपुढं उभा असायचा, हातात कागद-पेन्सिल घेऊन. 'रोसाल्बा' नंतर आली."

झालं. सात-आठ वाक्यं. एवढ्यासाठी चौतीस वर्षं! एलिएसेरनं दोन्ही गाणी लावली, आधी 'पेत्रोना', तिच्या खऱ्या वेगात, मग 'रोसाल्बा'. तो मोकळेपणानं म्हणाला, "आता मला त्या बाई दमलेल्या वाटत नाहीत. रडू दाबून गाणारं माणूस असंच गातं, आणि ते मला मागच्या आठवड्यात कळलं नाही, याची लाज वाटते." फोन खणखणायला लागले. पहिला नूबियाचा होता. ती नुसतीच किंचाळत होती. दुसरा कुणा लिसांद्रोभक्ताचा.

"लिसांद्रो आमच्या किनाऱ्याची शान आहे," तो गुरगुरला. "म्हातारीनं आपल्या अरेपा तळाव्यात."

"तळतेच आहे," एदिल्सा माइकमध्ये म्हणाली. "रेबोलोत ये, तुलाही खायला घालीन. पण गाणं माझं आहे, आणि ती पेत्रोना आहे. लिसांद्रो छान गातो, पण कुणाच्या आईपुढं गातोय ते त्याला ठाऊक नाही."

हे झालं, नाव सांगून झालं. तिला वाटलं होतं आता छातीतला निखारा विझेल. पण शेजारी उबाल्दो फुलायला लागला होता. फोनवर लोक त्याचंही कौतुक करत होते. जुन्या पिकोच्या आठवणी काढत होते, डॉन उबाल्दो, तुम्ही नसता तर हे गाणं आम्हाला मिळालंच नसतं, म्हणत होते. आणि तो म्हातारा हसून माना डोलवत होता. जमिनीखालच्या भरावाबद्दल अर्थातच मूग गिळून गप्प. एलिएसेरही हसत होता. एदिल्साच्या लक्षात आलं की अर्ध्या तासात हा माणूस गाण्याचा चोर होता तो गाण्याचा राखणदार झाला.

"वेळ थोडा उरलाय," एलिएसेर म्हणाला. "डॉन उबाल्दो, पिशवीत आणखी काय खजिना आहे?"

उबाल्दोनं ऐटीत एक तबकडी काढून दिली. सुई टेकली. बाईचा आवाज होता, खोल, खरबरीत, कुठल्या भाषेतला कुणास ठाऊक. मागं दोनच वाद्यं, आणि एका जागी बाई गाता गाता हसली, तर तिच्या हसण्यासाठी वाद्यं थांबली आणि मग पुन्हा सुरू झाली. एदिल्सा जागच्या जागी पुढं झुकली. हे हसू तिच्या ओळखीचं होतं. याच चालीवर गाताना याच जागी हसणारी एक बाई दोन वर्षं झाली टीव्हीवर दिसत होती, मोठ्या शहरातली, चकचकीत कपड्यांतली. लोकांना वाटे की हे हसणं तिचंच आहे.

"कोण आहे ही?" एदिल्सानं विचारलं.

उबाल्दोनं तबकडी हातात घेतली. पालटली. पुन्हा पालटली. मधोमध पांढुरका, ओरखड्यांचा गोल होता. त्यानं डोळे मिटले, ओठ हलवले, बोटांवर काहीतरी मोजलं. त्याच्या चेहऱ्यावरची ऐट उतरत गेली आणि तिच्या जागी भीती आली.

"सांग की."

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "मार्तिनिक बेटावरून आलेल्या एका खलाशानं दिली होती. नाव होतं. मी वाचलं होतं, निन्या, खरवडायच्या आधी मी नेहमी वाचायचो. मला ठाऊक होतं."

एलिएसेरनं घड्याळाकडं बघितलं, जाहिरातींना अर्धं मिनिट उरलं होतं. तो सवयीनं माइककडं वळला. "तर मंडळी, हे सुंदर गाणं आपण ऐकलं. गायिका अज्ञात…"

"अज्ञात म्हणू नकोस!"

एदिल्सा उभी राहिली होती. एप्रन नव्हता आज, चांगला निळा झगा होता, पण हात कढईपाशी असताना हलतात तसेच हलत होते. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला भान नव्हतं. स्वतःच्या एकशे नव्व्याण्णव तबकड्यांसाठी ती रडली नव्हती. या कुठल्याशा बाईसाठी, जिला ती ओळखत नव्हती, जिची भाषा तिला येत नव्हती, तिच्यासाठी तिला रडू आवरेना.

"अज्ञात म्हणजे काय? तिला नाव नव्हतं? ती आपोआप उगवली का झाडावर? तिच्या आईनं तिला नाव ठेवलं होतं, ते छापलं होतं इथं मधोमध, आणि ते कुणीतरी खरवडलं. तसं सांग लोकांना. नाव खरवडलंय म्हणून सांग. आणि कुणी खरवडलं तेही सांग."

एलिएसेर उबाल्दोकडं बघत राहिला. काचेपलीकडचा माणूस जाहिरातींसाठी हात वर करून उभा होता, त्यानं तो हळूच खाली घेतला.

उबाल्दोनं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि माइक स्वतःच जवळ ओढला.

"मी खरवडलं," तो म्हणाला. "उबाल्दो एन्रिके मेसा बारियोस. रेबोलो."